जवानांसाठी हस्तलिखित

दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला, की सरकारी कचेऱ्यांत आणि शाळा-महाविद्यालयांत लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांची छोटी कागदी निशाणे येऊन पडतात. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे ते रंग. सशस्त्र सेना ध्वजदिन पाळण्याचा निर्णय १९४९ साली झाला आणि तेव्हापासून आजतागायत ही प्रथा अखंड चालू आहे. स्वेच्छेने द्यावयाच्या देणगीला कार्यालयागणिक उद्दिष्ट ठरवून दिलेले असावे आणि ते मार्चअखेरच्या वसुलीप्रमाणे पुरे करावे लागावे, हा आपल्या प्रशासनाचा एक खास विनोद आहे. कारकून आणि शिक्षक या दोन वर्गांना तो समजावून सांगण्याचे कारण नाही. निशाण खिशाला टोचले, पैसे दिले, पावती घेतली, की सैनिकांविषयीचे आपले कर्तव्य वर्षापुरते आटोपते.

याच सुमारास अनेक शाळांत व महाविद्यालयांत आणखी एक उपक्रम चालतो. विद्यार्थी जवानांसाठी हस्तलिखित काढतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे हस्तलिखित आहे. कारण ध्वजदिनाच्या डब्यात जे पडते त्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आहे, परंतु या दुसऱ्या देणगीचा हिशेब कोणीच केलेला नाही.

मराठी शाळेतील हस्तलिखित ही मोठी गोड संस्था आहे. वर्गातल्या सुवाच्य अक्षराच्या मुलाकडे किंवा मुलीकडे लेखनाचे काम, चित्रकलेत गती असलेल्याकडे मुखपृष्ठ, मराठीच्या शिक्षकांकडे शुद्धलेखन आणि मुख्याध्यापकांकडे 'दोन शब्द'. प्रत एकच. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते तिचे प्रकाशन होते, पाहुणे चार पाने चाळून 'वा वा' म्हणतात आणि मग ती प्रत कपाटात जाते. पुढच्या वर्षीची प्रत तिच्यावर येऊन बसते. जवानांसाठी काढलेल्या हस्तलिखिताचे वेगळेपण असे, की निदान तत्त्वतः तरी त्याला शाळेबाहेरचा वाचक आहे. अलीकडे या कामाला भ्रमणध्वनीचे साहाय्य मिळाले आहे. मुले पाने हाताने लिहितात किंवा घरच्या घरी टंकलिखित करतात, त्यांची छायाचित्रे जोडून अंक तयार करतात आणि गावातल्या ज्या मुलांचे क्रमांक ठाऊक आहेत त्यांना तो धाडतात. पूर्वी एका प्रतीला एक कपाट होते. आता एका अंकाला शंभर वाचक मिळू शकतात. खर्च म्हणाल तर जवळजवळ शून्य. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र खर्च शून्य आहे असे ऐकले की सावध व्हावे. ज्याला किंमत पडत नाही ते फार विचार न करता तयार होते.

सैनिकासाठी वाचनाची सोय ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू केली ती १९०९ साली. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या जानेवारीत अलाहाबादेहून 'फौजी अखबार' निघू लागला. १९५४ साली त्याचे नाव 'सैनिक समाचार' झाले आणि मराठीसह तेरा भाषांत तो निघत आला. शिपायाने काय वाचावे याची चिंता परक्या सरकारलाही होती, मग तिच्यामागचा हेतू कसाही असो. परंतु सरकारने सैनिकासाठी काढलेले पत्र आणि नागरिकांनी सैनिकासाठी काढलेले पत्र यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्याला सैनिकाशी काम आहे. दुसऱ्याला काय काम आहे, हाच प्रश्न आहे.

देणाऱ्याची ऊब

जेम्स अँड्रिओनी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली दानाविषयी एक विचार मांडला, तो येथे उपयोगी पडतो. माणूस दान देतो ते केवळ घेणाऱ्याचे भले व्हावे म्हणून देतो असे मानले, तर दानाच्या व्यवहारातल्या कित्येक गोष्टींचा उलगडा होत नाही. देण्याच्या कृतीतूनच देणाऱ्याला एक प्रकारची ऊब मिळते आणि त्या उबेसाठीही तो देतो. ही ऊब वाईट आहे असे अँड्रिओनीचे म्हणणे नाही. पण एकदा ती मान्य केली, की देणाऱ्याचे समाधान आणि घेणाऱ्याचा लाभ या दोन वेगळ्या राशी ठरतात, आणि पहिली मोठी असताना दुसरी क्षुल्लक असू शकते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९३ साली, जोएल वॉल्डफोगेल याने नाताळच्या भेटवस्तूंचा हिशेब मांडला. देणाऱ्याने मोजलेली रक्कम आणि घेणाऱ्याला त्या वस्तूची वाटणारी किंमत यांची तुलना केली, तर भेटीच्या मूल्यापैकी एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, असा त्याचा अंदाज होता. लग्नात आलेल्या सात भिंतीवरच्या घड्याळांचा अनुभव ज्या घरांना आहे त्यांना हा सिद्धांत शिकवावा लागत नाही.

सैनिकांना दिलेल्या भेटींचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही विचार पदोपदी आठवतात. १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी उभारून आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या पाठविण्यात आल्या. गोऱ्या सैनिकाच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. फ्रान्समध्ये त्या वेळी हिंदी पलटणीही लढत होत्या. शीख सैनिकांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्यासाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी असा वेगळा बेत केला गेला. इतर हिंदी सैनिकांना सिगारेटींबरोबर खडीसाखर व मसाला मिळाला. साम्राज्याचे राजकारण बाजूला ठेवून पाहिले, तर घेणारा कोण आहे एवढा विचार त्या डबीमागे होता हे कबूल करावे लागते. फ्लॅन्डर्सच्या चिखलात बसलेल्या शिपायाच्या हातात मसाल्याची डबी पडावी, यात व्यवहारज्ञान आहे आणि माणुसकीही आहे.

याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे. १९४२-४३ मध्ये तेथील ग्रंथपालांनी सैनिकांसाठी नागरिकांकडून पुस्तके गोळा करण्याची मोठी मोहीम चालविली. सुमारे १ कोटी ८० लक्ष पुस्तके जमली. त्यांतील सुमारे १ कोटीच पाठविण्याजोगी निघाली. उरलेल्यांत फाटकी पुस्तके होती, विणकामाची होती, जुनाट धर्मशास्त्राची होती. लोकांनी माळे साफ केले आणि देशसेवेचे समाधानही मिळविले. हा अनुभव आल्यावर प्रकाशकांच्या एका मंडळाने वेगळी वाट धरली. सैनिकाच्या खिशात मावतील अशी आडवी, हलकी, दोन स्तंभांत छापलेली पुस्तके मासिकांच्या छापयंत्रांवर काढण्यास त्यांनी प्रारंभ केला. १९४३ पासून १९४७ पर्यंत १,३०० हून अधिक पुस्तकांच्या मिळून सुमारे १२ कोटी प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीला खर्च येई तो अवघा सहा सेंटांच्या आसपास.

यांत सैनिकांना सर्वांत अधिक काय आवडले, ही नोंद मला मोठी बोलकी वाटते. बेटी स्मिथ हिची 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' ही कादंबरी त्यांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. ती युद्धाची कथा नव्हे. न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीतील कुटुंबाची, काटकसरीची, मद्यपी पण प्रेमळ बापाची आणि शिकण्याची हाव असलेल्या मुलीची ती कथा. सैनिकांनी लेखिकेला पत्रांवर पत्रे पाठविली. युद्धात असलेल्या माणसाला युद्ध वाचावेसे वाटत नव्हते. त्याला घर वाचावेसे वाटत होते.

सैनिकाचे हसू

आघाडीवरचे सैनिक स्वतः नियतकालिक काढू लागतात तेव्हा काय छापतात, हेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये बेल्जममधील ईप्र या उद्ध्वस्त शहरात एका ब्रिटिश पलटणीला पडक्या घरात एक छापयंत्र सापडले. कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट जॅक पिअरसन यांनी त्यावर 'वायपर्स टाइम्स' नावाचे पत्र छापावयास सुरुवात केली. इंग्रज शिपायाला ईप्रचा उच्चार जमेना, म्हणून वायपर्स. खिळे इतके अपुरे, की एका वेळी एकच पान जुळवता येई. पलटण हलली की पत्राचे नाव बदले, पण पत्र १९१८ च्या अखेरीपर्यंत निघत राहिले.

या पत्रात देशभक्तिपर वीररस जवळपास नाहीच. आहेत त्या खोट्या जाहिराती, विडंबने, चिखल आणि उंदीर यांच्यावरचे विनोद. सर्वांत बोचरी थट्टा आहे ती घरी बसून युद्धाविषयी लिहिणाऱ्यांची. लंडनच्या वृत्तपत्रांत युद्धाचे आशावादी अन्वयार्थ लावणारा हिलेअर बेलॉक आणि रणांगणाची रसभरित वर्णने पाठविणारा बातमीदार बीच टॉमस यांच्या नावांचीच त्यांनी मोडतोड केली. आशावाद हा जणू रोग आहे आणि खंदकातले काही दिवस हा त्यावर रामबाण उपाय आहे, अशा आशयाची एक नकली जाहिरातही त्यांनी छापली. हे लोक भित्रे किंवा देशद्रोही नव्हते. रॉबर्ट्स आणि पिअरसन या दोघांनाही शौर्यपदके मिळालेली होती. घरची मंडळी ज्या भाषेत त्यांचा गौरव करीत होती ती भाषा त्यांना परकी वाटत होती, एवढाच याचा अर्थ.

हे वाचून आपल्या विद्यार्थ्यांची हस्तलिखिते उघडावीत. पाच-सहा वर्षे ही हस्तलिखिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्यांतला निदान दोन तृतीयांश मजकूर कवितांचा असतो असे म्हटले तर वावगे ठरू नये. हिमालय, रक्त, माती, तिरंगा, शत्रू आणि आई या सहा शब्दांची निरनिराळी संयोजने म्हणजे या कविता. मुलांच्या भावना खोट्या आहेत असे नाही. परंतु कवितेतला जवान नेहमी एकटा, नेहमी बर्फात आणि बहुधा मरण्याच्या बेतात असतो. त्याला पगार नसतो, रजा नसते, दातदुखी नसते, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज नसते. जो वाचणार आहे त्याच्याशी ही कविता बोलतच नाही. ती त्याच्याकडे बोट दाखवून तिसऱ्याशी बोलते. आपण जिवंत असताना आपल्या हौतात्म्याचे वर्णन वाचणे कोणाला सुखाचे वाटेल?

आमच्या तालुक्यातून फौजेत गेलेला एक माजी विद्यार्थी मध्यंतरी रजेवर आला असता महाविद्यालयात भेटावयास आला. आदल्या वर्षीचा अंक त्याच्यापर्यंत पोचला होता. 'कसा वाटला?' असे विचारल्यावर तो संकोचाने 'चांगला आहे, सर' एवढेच म्हणाला. मग टेबलावरची मूळ प्रत घेऊन चाळू लागला. कवितांची पाने त्याने भराभर उलटली आणि एका पानावर थांबला. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने उसाचा पहिला हप्ता, तोडीची पाळी आणि टोळीच्या मुकादमाने घातलेला घोळ यांविषयी तेथे दीड पान लिहिले होते. त्यात ना अलंकार, ना उपदेश. तो म्हणाला, 'सर, हे पान आमच्या तुकडीत सगळ्यांनी वाचलं. सांगलीची पोरं आहेत, नगरची आहेत. त्यांच्याकडं काय भाव चाललाय त्यावर रात्री वाद झाला.' आणि जाता जाता त्याने विचारले, 'ओढ्यावरच्या पुलाचं काम कुठवर आलं, ते मात्र यात कुठंच नाही.'

वॉल्डफोगेलच्या हिशेबात जी तूट पडते ती भरून काढण्याचा मार्ग या एका वाक्यात आहे. घेणाऱ्याला विचारावे. विविध भारतीवरील 'जयमाला' कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या लोकप्रिय राहिला याचेही कारण हेच असावे. आम्ही तुम्हांला ऐकवतो ते ऐका, असे त्यात नव्हते. जवानांनी फर्माईश करावयाची आणि आकाशवाणीने ती पुरवावयाची. निवड घेणाऱ्याच्या हाती होती, आणि एरवी हुकूम पाळण्यात ज्याचा दिवस जातो त्याला त्या निवडीचे मोल किती वाटत असेल याची आपल्याला कल्पना येणार नाही.

तिजोरीचे काम आणि नागरिकांचे काम

येथे एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या सहकाऱ्यांनी घेतलेलाही आहे. सैनिकाला खरोखर काही द्यावयाचे तर कागद कशाला? पैसे द्या, वस्तू द्या. यावर १९६२ चा अनुभव आठवावा. चीनचे आक्रमण झाले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीला स्त्रियांनी अंगावरचे दागिने दिले, घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी कायमचे बसले. तो त्याग खरा होता; त्याविषयी हलके बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाने हेही विचारले पाहिजे, की पंधरा-सोळा हजार फूट उंचीवर लढावयास पाठविलेल्या सैनिकाच्या अंगात उबदार कपडे नव्हते, ते का? ते विकत घेणे हे अंदाजपत्रकाचे काम होते. गृहिणीचा स्वेटर त्या चुकीवर पांघरूण म्हणून पडला.

देशाच्या संरक्षणाचा लाभ कोणालाही वगळून देता येत नाही, म्हणून त्याचा खर्च स्वेच्छादेणगीवर सोपवता येत नाही, तो कराच्या रूपानेच गोळा करावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लक्ष ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांपैकी सुमारे १ लक्ष ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी. या आकड्यांपुढे आपल्या डब्यातील नाण्यांचा आवाज ऐकू येणे शक्य नाही. बूट, कोट, तंबू, औषधे आणि जखमी झाल्यास आयुष्यभराची शुश्रूषा हे सर्व सरकारने पुरवावे, आणि पुरवते की नाही यावर आपण मतदार म्हणून लक्ष ठेवावे. मात्र ओढ्यावरच्या पुलाची खबर पुरविणारी तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात असू शकत नाही. तेथे नागरिकाचे काम सुरू होते. सैनिकाला घरच्या जगाचा सभासद म्हणून धरून ठेवणे ही वस्तू बाजारात मिळत नाही आणि सरकारला बनविता येत नाही.

भ्रमणध्वनीवर घरच्यांशी रोज बोलता येत असताना हे कशाला, असेही विचारले जाते. ज्या घरांतून मुलगा फौजेत आहे त्या घरांतील मंडळींना विचारून पाहावे. आई विचारते, 'जेवलास का?' तो विचारतो, 'गुडघा कसा आहे?' दोघेही सांगतात, सगळे बरे आहे. वाईट बातमी दोन्ही टोकांना दडपली जाते, आणि ते स्वाभाविक आहे. शिवाय अनेक चौक्यांवर संपर्क मिळत नाही. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ अशा पत्त्यावर लष्करी टपालाने जाणारे पाकीट त्यामुळे अजूनही निरुपयोगी झालेले नाही. कागद उशाखाली ठेवता येतो, दुसऱ्याला वाचावयास देता येतो. उलट भ्रमणध्वनीवर देशप्रेमाचा जो पूर येतो त्याचा गुण काय, ते मे २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. पाकिस्तानशी संघर्ष पेटला त्या चार दिवसांत जुन्या युद्धांची, इतकेच काय पण संगणकीय खेळांतील चित्रेही खरी म्हणून लाखोंनी पुढे धाडली, आणि सरकारी यंत्रणेला त्यांचे खुलासे करीत बसावे लागले. ती पाठविणाऱ्या प्रत्येकाला त्या क्षणी आपण जवानांच्या पाठीशी उभे आहोत असेच वाटत होते. अँड्रिओनीची ऊब म्हणतात ती हीच.

पाठीशी उभे राहणे याचा अर्थ काय, हा प्रश्न अमेरिकेला आपल्यापेक्षा आधी आणि अधिक वेदना देऊन पडला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या वाट्याला समाजाची उदासीनता आली, आणि त्या शल्यातून पुढे २००१ नंतर मोटारगाड्यांवर पिवळ्या फितीची चिन्हे लावण्याची लाट आली. घरोघरी पत्रे, भेटींची खोकी, सैनिकांसाठी हौसेने काढलेली नियतकालिके यांना बहर आला. नाव माहीत नसलेल्या 'कोणाही सैनिका'स टपाल पाठविण्याची तेथील जुनी सोय मात्र ऑक्टोबर २००१ मध्ये, टपालातून विषारी जंतू पाठविले गेल्यावर, सुरक्षिततेसाठी बंद करावी लागली. एवढा पाठिंबा असताना फेब्रुवारी २००७ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने उघडकीस आणले, की राजधानीतल्याच वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या परिसरात युद्धात जखमी झालेले सैनिक बुरशी आलेल्या, उंदीर-झुरळांच्या खोल्यांत महिनोन्‌महिने कागदपत्रांची वाट पाहत पडले आहेत. पिवळ्या फिती लावलेल्या किती गाड्या रोज त्या फाटकासमोरून गेल्या असतील!

आपण हसण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकीला दोन संस्था आहेत. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीस आलेली क्वीन मेरी तंत्रसंस्था ही एक. आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन अधू झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून चालत असलेले पुनर्वसन केंद्र ही दुसरी. या केंद्रातील माणसे चाकाच्या खुर्चीवर बसून काम करतात, खेळतात, काहीजण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. पुण्यात शिक्षणासाठी वर्षानुवर्षे राहिलेल्या किती विद्यार्थ्यांना यांची नावे ठाऊक आहेत? सियाचेनवर हस्तलिखित पोचविण्याची आपली हौस मोठी, पण लोकलने जाता येईल अशा ठिकाणी ते नेऊन द्यावे असे कोणाला सुचत नाही. बर्फाचे वर्णन तेथे उपयोगी पडत नाही, ही अडचण असेल.

आणखी जवळ पाहावयाचे तर आपल्या वर्गातच पाहावे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तेथे किंवा गडहिंग्लज-चंदगडकडे फौजेत जाणे ही घराण्याची चाल आहे, आणि कोरडवाहू जमिनीच्या चार एकरांत तीन भावांचे भागत नाही हे तिच्यामागचे अर्थकारणही आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या अर्थकारणाचा पाया बदलला. तिच्या मूळ रचनेत सेवा चार वर्षांची, पुढे कायम करावयाचे ते फार तर चौघांतील एकाला. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, सुमारे ११ लक्ष ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडावयाचे. योजनेचे लष्करी गुणदोष तज्ज्ञांनी सांगावेत. आपल्यापुरता परिणाम असा, की बावीस-तेवीस वर्षांचा तरुण गणवेश उतरवून पुन्हा याच तालुक्याच्या गावी येणार. त्याचा पदवीचा अभ्यास अर्धवट असेल, बरोबरीचे मित्र पुढे गेले असतील. ज्याच्यावर आपण कविता केल्या तो आता नोकरीचा अर्ज घेऊन आपल्या कचेरीच्या खिडकीशी उभा राहील.

या दृष्टीने पाहिले तर हस्तलिखिताला एक नवे काम आहे. बहिःस्थ परीक्षेच्या तारखा, कोणत्या विषयाचा अभ्यासक्रम बदलला, स्पर्धापरीक्षांच्या जाहिराती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून काय मिळते आणि त्याला कोणते कागद लागतात, अशी चार पाने प्रत्येक अंकात असावीत. ती रुक्ष होतील. पण चार वर्षांच्या सेवेतील मुलाला वीररसापेक्षा ती अधिक कामाची. शिक्षकांनी 'दोन शब्द' लिहिण्याऐवजी ही पाने लिहावीत, असे सुचवावेसे वाटते.

काही पथ्ये मात्र सांभाळलीच पाहिजेत. कोण कोठे तैनात आहे, हे अंकात कदापि येता कामा नये. छायाचित्रांतून तर नाहीच. एपीओचा पत्ता असतो तो याचसाठी, त्यात ठिकाणाचे नाव नसते. अंक ओळखीच्या मुलांनाच, त्यांच्या घरच्यांमार्फत पाठवावा. आणि उत्तराची अपेक्षा करू नये. आपल्या कवितेला सीमेवरून पोच आली, हे संमेलनात वाचून दाखविण्याचा मोह मोठा असतो. त्यासाठी जवानाला पत्र लिहावयास लावणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ड्यूटी लादणे होय.

यंदा आमच्या विद्यार्थ्यांनी अंकाची आखणी करण्यापूर्वी तालुक्यातील पंधरा-वीस जवानांना तुम्हांला काय वाचावयास आवडेल, एवढेच विचारले. जी उत्तरे आली त्यांत एकानेही कविता मागितली नाही. कुस्तीच्या मैदानाचे निकाल, यात्रेचा हिशेब, पाऊस किती झाला, तालमीची दुरुस्ती, कोणाच्या विहिरीला पाणी लागले आणि शाळेतले अमुक गुरुजी निवृत्त झाले काय, अशा मागण्या आहेत. एकाने गावच्या बसचे नवे वेळापत्रक मागितले आहे. रजेवर येताना रात्री स्थानकावर अडकून पडावे लागते म्हणून. संपादक मंडळाने कवितांना दोनच पाने ठेवण्याचे ठरविले असून कविमंडळी रुसली आहेत. पुलाची बातमी ज्या विद्यार्थिनीकडे सोपविली आहे ती संबंधित कचेरीत दोन खेपा घालून आली. दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर होते. ती येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.